तोटा झालाय? मग सांगा ना राव!

सकाळची लोकल. खिडकीची सीट हमखास, कारण आम्ही चढतो तेच मुळी पहिल्या स्टेशनवर. उरणला ट्रेन आली १२ जानेवारी २०२४ला. त्याआधी आम्ही एकतर बसमध्ये लटकायचो, नाहीतर मोऱ्याच्या धक्क्यावर भरती-ओहोटी बघत लाँचची वाट पाहायचो. त्यामुळे या खिडकीबद्दल मी अजूनही जरा मिरवतो. मिरवू द्या!

तर अशाच एका सकाळी द्रोणागिरीला आमच्या डब्यातला एक पोरगा चढला. वय सत्तावीस, कंटेनरच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्या एका ऑफिसात नोकरी, पायात सॉलिड शूज. खरं नाव सांगत नाही, आपण त्याला पिंट्या म्हणू.

'दादा, यंदा रिटर्नचं टेन्शनच नाय,' पिंट्या म्हणाला.

'का बुवा?'

'भरायचंच नाय ना! टॅक्स ऑफिसनं पगारातून कापलाय. आणि बाकीचं...' त्यानं हाताचं विमान केलं आणि ते सरळ मांडीवर आपटवलं.

'किती?'

पिंट्यानं कानात हेडफोन घातले. न्हावा शेवा गेलं, क्रेनच्या रांगा गेल्या. खारकोपर आलं तेव्हा त्यानं एका कानातला काढला आणि खिडकीकडे बघत म्हणाला, 'चार वीस.'

चार लाख वीस हजार. ऑप्शन्समध्ये.

'घरी माहितीये?'

'वेड लागलंय का दादा?'

मी काही बोललो नाही. कारण ती सीट माझ्या ओळखीची आहे. चार वर्षांपूर्वी तिच्यावर मी बसलो होतो. म्हणजे तेव्हा ट्रेन नव्हती, बस होती, पण हेडफोन तेच, खिडकीकडे बघणंही तेच. या कॉलममधून मी तुम्हाला एसआयपी, इन्शुरन्स, क्रेडिट कार्ड असे बरेच शहाणपणाचे डोस पाजले. आपल्या या पराक्रमाबद्दल मात्र अवाक्षर काढलं नव्हतं. आज काढतो.

गोष्ट २०२१ची. लॉकडाउनचे दिवस, घरून काम, हातात मोबाइल. बाबांना साडेबारा टक्क्यांतला प्लॉट मिळाला होता. उरण-पनवेलकडच्या घरांना हे वेगळं सांगायला नको. पण बाकीच्या वाचकांसाठी: सिडकोनं नवी मुंबईसाठी इथल्या जमिनी घेतल्या. १९८४च्या जानेवारीत जासई-दास्तानच्या आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले. त्या दि. बा. पाटलांच्या लढ्यातून पुढे ही विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. म्हणजे आमच्याकडे प्लॉटचा पैसा हा नुसता पैसा नसतो. तर बाबांनी प्लॉट विकला, वाटण्या झाल्या, आणि माझ्या वाट्याचे मी 'वाढवायला' घेतले. वाढवायला! काय सुंदर शब्द आहे.

मार्च २०२२ संपला तेव्हा ६,४०,००० गेले होते.

यात मी एकटा नव्हतो, हे मला फार उशिरा कळलं. सेबीनं सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केलेला अभ्यास सांगतो की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्क्यांचा तोटा झाला, आणि सगळ्यांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. पुढच्या वर्षाचा आकडा ९१ टक्के! म्हणजे लोकलच्या डब्यात दहा ट्रेडर बसले असतील तर नऊ जण खिडकीबाहेर बघत असणार. पण कट्ट्यावर ऐकू येतो तो उरलेला एक.

आता खरा मुद्दा. पैसे गेले ते गेलेच. पण त्या तोट्याची एक किंमत असते, आणि ती मी स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकली. कशी, ते ऐका.

आपल्या आयकर कायद्याला नफ्यातच रस आहे, अशी आपली समजूत असते. तसं नाहीये. धंद्यात तोटा झाला तर कायदा म्हणतो, ठीक आहे, यंदा बुडालास, पुढे कधी कमावलंस तर हा तोटा त्या कमाईतून वजा कर आणि उरलेल्यावरच कर भर. यालाच सीए मंडळी 'कॅरी फॉरवर्ड' म्हणतात. धंद्याचा तोटा असा आठ वर्षं पुढे नेता येतो. आणि ऑप्शन्स-फ्युचर्सचा तोटा हा कायद्याच्या लेखी चक्क धंद्याचा तोटा! मला हे ऐकून हसूच आलं होतं. मी पायजम्यात बसून बेडवर लोळत जे करत होतो, त्याला सरकार व्यवसाय म्हणत होतं. आईला हे सांगितलं असतं तर तिनं लाटणंच काढलं असतं.

पण अट एक आहे, आणि ती कडक आहे. तोट्याचं रिटर्न मुदतीच्या आत भरलं पाहिजे. मुदत चुकली की त्या तोट्याची पुढची आठही वर्षं गेली. एक दिवस उशीर झाला तरी गेली.

माझी मुदत होती ३१ जुलै २०२२. रविवार होता. आदल्या दोन वर्षांत कोविडमुळे तारखा वाढत गेल्या होत्या. २०२१ची तर थेट ३१ डिसेंबरपर्यंत गेली होती. त्यामुळे ऑफिसात, व्हॉट्सअॅपवर, सलूनमध्ये सगळे एकच म्हणत होते, 'वाढेल रे!' नाही वाढली. त्या एका दिवसात देशभरातून ७२ लाखांवर रिटर्न भरली गेली. त्यात माझं नव्हतं.

मी होतो पीरवाडीच्या किनाऱ्यावर. बायको, मुलगी, भजी, पाऊस. खिशात मोबाइल. रात्री अकराला घरी आलो, सगळे झोपले, लॅपटॉप उघडला. रिटर्न भरायचं तर ब्रोकरकडून वर्षाचं नफा-तोटा पत्रक डाउनलोड करावं लागतं. ते बटण स्क्रीनवर होतं. निळ्या रंगाचं. ते दाबलं असतं तर एका पानावर तो सगळा आकडा एकत्र दिसला असता. तोपर्यंत मी तो कधी एकत्र बघितलाच नव्हता. सुट्टा सुट्टा बघायचो. आज बारा हजार, काल तीस. बेरीज करायची नाही, हा माझा त्या वर्षीचा फंडा होता.

मी लॅपटॉप बंद केला आणि झोपलो.

आमच्या बाबांना यातलं काही कळत नाही असं मला वाटायचं. ते आयुष्यभर कंटेनर यार्डात राबले. त्याआधी घरची भातशेती होती, खाऱ्या पाण्याला बांध घालून कसलेली. खाडीकाठच्या गावांत हा बांध म्हणजे जीव की प्राण. उधाणाच्या भरतीला बांध फुटला की त्याला म्हणतात खांड पडली. नोव्हेंबरमध्ये मी त्यांना कसंबसं सांगितलं. आकडा ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'पैसं गेलं त गेलं. पन खांड परली त त्याच टायमाला सांगाची आसते रं. दुसरी भरती येवाच्या आधी. बिंडोक हाईस तू.'

त्यांच्या तरुणपणी कुणाच्याही हद्दीत खांड पडली तरी तो माणूस आधी बोंब मारायचा. लाज नाही, काही नाही. गाव माती घेऊन धावायचं. कारण दोन भरत्या आत घुसल्या की मिठानं जमीन जळते आणि पुढची काही वर्षं पीक येत नाही. मी मात्र जुलै ते नोव्हेंबर मोजून किती भरत्या आत घेतल्या, देव जाणे.

डिसेंबरात सीएकडे गेलो. उशिराचं रिटर्न भरलं, ५,००० रुपये लेट फी भरली. त्यात एक छोटीशी गोष्ट पदरात पडली, तीही सांगतो. त्याच वर्षातल्या त्याच वर्षात तोटा वळता करायला उशिरानं बिघडत नाही. धंद्याचा तोटा त्याच वर्षीच्या व्याजातून, भाड्यातून, शेअर विकून झालेल्या नफ्यातूनसुद्धा वजा होतो. फक्त पगारातून नाही. पगार म्हणजे सोवळ्यातली बाई, तिला धंद्याच्या तोट्याचा स्पर्श चालत नाही! माझं एफडीचं व्याज होतं २२,०००. ते वजा झालं. उरले ६,१८,०००. काही महिन्यांनी आयकर खात्याचा हिशोब आला, त्यात 'पुढे नेण्याचा तोटा' या रकान्यात होतं शून्य.

आता या शून्याची किंमत काढू. २०२३मध्ये मी नोकरी सांभाळून छोट्या आयातदारांना कागदपत्रांचा सल्ला द्यायला लागलो. पहिल्या वर्षी खर्च जाऊन २,८०,००० सुटले, दुसऱ्या वर्षी २,९५,०००. एकूण ५,७५,०००. माझ्या पगारामुळे ही वरची कमाई २० टक्क्यांच्या टप्प्यात बसत होती. कर झाला १,१५,०००, त्यावर चार टक्के सेस ४,६००. म्हणजे १,१९,६००. सल्ल्याची कमाई ही धंद्याचीच कमाई. जुना तोटा हाताशी असता तर ती सगळीच्या सगळी त्यात जिरली असती, वरच्या कमाईवर कर शून्य, आणि वर ४३,००० तोटा आणखी शिल्लक राहिला असता.

एक लाख एकोणीस हजार सहाशे रुपये. एक निळं बटण न दाबल्याबद्दल.

यावर उपाय नाही का? आहे, नावापुरता का होईना. आयकर कायद्याच्या कलम ११९ खाली उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४च्या परिपत्रकानुसार त्या करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत तो करायचा. पुढे नेण्याच्या तोट्याचे दावेही त्यात येतात. पण उशिराला सबळ कारण हवं आणि खरीखुरी अडचण दाखवायला हवी. सीएनं पेन उघडून विचारलं, 'कारण काय लिहू? हॉस्पिटल? पूर? कागदपत्रं जळाली?'

मी म्हटलं, 'भजी खात होतो.'

त्यानं पेन बंद केलं.

आमचा करंजाचा काका मात्र या बाबतीत भलताच हुशार निघाला. त्याची मासेमारीची बोट आहे. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा अशी दोन चक्रीवादळं अरबी समुद्रात पाठोपाठ आली आणि ऐन हंगामात बोटी धक्क्याला बांधून राहिल्या. डिझेल, बर्फ, खलाश्यांचे आगाऊ दिलेले पैसे, सगळं अंगावर. काकाचं शिक्षण सातवी. पण बँकेचं बोटीवर कर्ज होतं, बँक दरवर्षी रिटर्न मागायची, म्हणून हा बाबा नफा असो-नसो, तारखेच्या आत रिटर्न भरायचाच. तो तोटा त्याचा पुढे गेला आणि चांगल्या हंगामात वळता झाला. शिवाय बोटीची, इंजिनाची घसारा नावाची झीज कायदा खर्चात धरतो. ती एखाद्या वर्षी कमाईत बसली नाही तर ती पुढे न्यायला आठ वर्षांचंही बंधन नाही. इंजिन झिजतंच, त्याला काय तारीख! मला शेअर बाजाराचं ज्ञान होतं. काकाला तारखेचं होतं.

आणि याच काकाकडून मला बांधाच्या दोन बाजूंचं गणितही कळलं. उरणला बांधाच्या एका अंगाला भात पिकायचं आणि दुसऱ्या अंगाला मीठ. आता बरीचशी मिठागरं भरावाखाली गेलीत, पण नजरेपुढे आणा. दोन्हीकडे जमीन, दोन्हीकडे घाम, दोन्हीकडे 'पीक' हाच शब्द. पण आयकर म्हणतो, समुद्राचं पाणी घेऊन पिकवलेलं मीठ म्हणजे शेती नव्हे. म्हणून भाताच्या नफ्यावर आयकर नाही आणि मिठाच्या नफ्यावर आहे. ऐकायला अन्याय वाटतो ना? पण वाईट वर्षात उलटं होतं. भात बुडालं तर तो तोटा दुसऱ्या कुठल्या करपात्र कमाईतून वजा होत नाही, कारण ज्या नफ्यात सरकारचा वाटा नाही त्याच्या तोट्यातही नाही. मीठ बुडालं तर मात्र तो रीतसर धंद्याचा तोटा. मासेमारीही मिठाच्याच रांगेत. समुद्र तुमचा बाप असेल, पण आयकराच्या लेखी तुम्ही शेतकरी नाही.

ता.क. म्हणून एक गंमत. माझी चुलत बहीण पेनसिल्व्हेनियात असते. नवऱ्यानं तिथं घरगुती जेवणाचा धंदा काढला आणि पहिल्या वर्षी हात पोळले. अमेरिकेत आयकर दोनदा, एक केंद्राचा आणि एक बऱ्याच राज्यांचा आपापला. केंद्र म्हणतं, धंद्याचा तोटा कितीही वर्षं पुढे न्या, फक्त कुठल्याही एका वर्षी करपात्र उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंतच वजा करा. आणि पेनसिल्व्हेनिया राज्य म्हणतं, व्यक्तीचा तोटा पुढे नेणं वगैरे आमच्याकडे नाही, वर्ष संपलं, विषय संपला. एकाच चुलीवरचा एकच तोटा, एका रिटर्नमध्ये जिवंत आणि दुसऱ्यात मेलेला! आपल्याकडे निदान ही डबल डोकेदुखी नाही. उरण असो की उदयपूर, आयकर एकच, केंद्राचा. राज्य पगारातून घेतं तो प्रोफेशन टॅक्स, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. तो मात्र तोटाबिटा काही विचारत नाही. माझे सहा लाख बुडाले त्या फेब्रुवारीतही ३०० कापले गेले.

असो. पिंट्याकडे वळू. बेलापूरला उतरून आम्ही चहा घेतला आणि मी त्याला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, कारण तुमच्यातले नऊ जण गप्प आहेत हे मला माहितीये.

पहिलं म्हणजे, पगार करपात्र असेल तर टीडीएस कापला गेला तरी रिटर्न भरावं लागतंच. 'कमावलं नाही' हा बहाणा तिथंच संपला. दुसरं, ऑप्शन्सचा तोटा असेल तर पगारदारांचा नेहमीचा सोपा फॉर्म चालत नाही, आयटीआर-३ लागतो. तो लांबलचक आहे, आणि उलाढालीप्रमाणे ऑडिटचा प्रश्न येऊ शकतो, म्हणून सीएला चार पैसे द्या. चार लाख वीस हजार घालवताना हात आखडला नाहीत, इथं काय आखडता! त्या तोट्यात ब्रोकरेज आणि व्यवहारांवरचा कर हे खर्चही धरता येतात.

पिंट्यानं विचारलं, 'आणि दादा, थोडं इंट्राडे पण होतं.'

'थोडं?'

'म्हणजे... बऱ्यापैकी.'

त्याच दिवशी शेअर घेऊन त्याच दिवशी विकण्याला कायदा सट्टा म्हणतो. सट्ट्याचा तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो आणि चारच वर्षं टिकतो. शेअर डिलिव्हरीत घेऊन पडत्या भावात विकले तर तो भांडवली तोटा. त्याची मुदत आठ वर्षं, पण तो भांडवली नफ्यातूनच जातो. त्यातही अल्प मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून चालतो, दीर्घ मुदतीचा मात्र दीर्घ मुदतीच्याच. या सगळ्यांना मुदतीत रिटर्न भरण्याची तीच अट.

'आणि क्रिप्टो?' पिंट्या आता कपात बघत बोलत होता.

अरे, काय काय केलंयस तू! क्रिप्टोला माफी नाही. २०२२च्या एप्रिलपासून नफ्यावर सरळ ३० टक्के कर, आणि तोटा ना कशातून वजा होतो, ना पुढे जातो. एका कॉइनचा तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातूनसुद्धा नाही.

होम लोनवाल्यांचं वेगळंच. जुन्या करपद्धतीत घराच्या व्याजामुळे झालेला तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातूनही वजा होतो आणि उरलेला आठ वर्षं पुढे जातो. तिथं मुदतीची ही कडक अटही नाही. पण नवी करपद्धत घेतली तर घराचा तोटा पगाराला शिवतही नाही. आणि २०२३-२४पासून आपण काही सांगितलं नाही तर आपण नव्याच पद्धतीत मोजले जातो. ऑफिसच्या एचआरचा तो मेल न वाचता डिलीट करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

तारखेबद्दल: ऑडिट नसलेल्यांसाठी ३१ जुलै ही वर्षानुवर्षं चालत आलेली तारीख. कधी ती वाढते, २०२५मध्ये सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गेली. त्या त्या वर्षी आपल्या फॉर्मची तारीख आयकराच्या पोर्टलवर बघून घ्या आणि 'वाढेल रे' म्हणणाऱ्या मित्रापासून चार हात लांब राहा. १ एप्रिल २०२६पासूनच्या कमाईला नवा आयकर कायदा, २०२५ लागू झालाय. कलमांचे नंबर बदललेत, 'करनिर्धारण वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलंय. पण त्याआधीच्या वर्षाच्या कमाईचं रिटर्न जुन्याच कायद्यानं, आणि आधी रीतसर नोंदवलेला तोटा कायदा बदलला म्हणून वाया जात नाही.

चहा संपला. पिंट्या म्हणाला, 'पण दादा, पुढे कधी धंद्यातून कमावीन की नाय, काय माहीत. मग हे सगळं कशाला?'

प्रश्न बरोबर आहे. तोटा पुढे नेला म्हणजे पैसे परत मिळाले असं नाही. आठ वर्षांत त्या प्रकारची कमाई झालीच नाही तर तो रकाना तसाच विरून जातो. आणि 'तोटा शिल्लक आहे, आता नफा कमवायलाच हवा' म्हणून पुन्हा ऑप्शन्समध्ये उतरणारे दोन महाभाग माझ्या ओळखीचे आहेत. तो वेडेपणा करू नका. पण मीही २०२२मध्ये सल्ल्याचं काम करीन असं मला कुठे ठाऊक होतं? मी फक्त म्हटलं, 'ते पत्रक डाउनलोड कर. एकदा पूर्ण आकडा बघ. पुढचं पुढे.'

तो काही बोलला नाही. त्याची ऑफिसची वेळ झाली होती.

पंधरा-वीस दिवस तो डब्यात दिसला नाही. मला वाटलं, दुसरा डबा धरला असेल, मीही तेच केलं असतं. मग एका रात्री पावणेबाराला मोबाइल वाजला. स्क्रीनशॉट होता. रिटर्न भरल्याची पोच, आणि खाली पुढे नेण्याच्या तोट्याचं शेड्यूल. ओप्शन्स आणि सट्टा वेगवेगळ्या ओळींत, दोन्हीकडे आकडे. एकूण चार वीस नव्हतेच. चार लाख एक्क्याण्णव हजार होते. त्यानंही बेरीज केली नव्हती.

मी विचारलं, 'घरी?'

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं:

'आईला सांगितलं. बोलत नाय अजून. पण डबा दिलाय उद्याचा.'